एकेचाळीस नंबरच्या बाटल्या

आमच्या भावजयीला मी बाटल्या बघून पसंत केलं. लोक मुलीचं शिक्षण बघतात, घराणं बघतात, फोटो मागवतात. मी बाटल्या बघितल्या, आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. मधले आठ महिने होता, हे मात्र कबूल करते.

मी एका प्रयोगशाळेत काचेचं सामान धुते. एकोणीस वर्षं हेच करते आहे. माझी खोली अर्धी जमिनीखाली, जिन्याच्या मागे. दोन मोठी सिंकं, एक वाफेचं यंत्र, वाळवायच्या कपाटांची रांग आणि एक खिडकी, जिच्यातून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांची पावलं दिसतात. वरच्या मजल्यांवर हुशार माणसं जंतू वाढवतात आणि काम झालं की बाटल्या माझ्याकडे पाठवतात. नियम साधा आहे. बाटलीतले जंतू जंतुनाशक औषधाच्या पिंपात ओतायचे, बाटली साध्या पाण्याने तीनदा विसळून ते पाणीही पिंपात टाकायचं, चिठ्ठी काढायची आणि मग ट्रेवर नंबर लिहून बाटली खाली पाठवायची. पुढे मी ती वाफेत घालते, घासते, वाळवते. हा नियम दारामागे मोठ्या अक्षरांत लावलेला आहे आणि तो कोणीही पाळत नाही. माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी जण डॉक्टर झाले, लांब लांब गेले, टाय लावून भाषणं द्यायला परत आले, पण बाटली विसळायची अक्कल काही कोणाला आली नाही.

सात वर्षांपूर्वी एक ट्रे खाली आला आणि मी बघतच राहिले. बारा बाटल्या, बाराही विसळलेल्या, उपड्या ठेवलेल्या, चिठ्ठ्या सोलून काढलेल्या, आणि चिठ्ठीमागचा डिंकसुद्धा पुसलेला. मला वाटलं चुकून झालं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच ट्रे. महिनाभर गप्प राहून बघितलं, मग वर जाऊन चौकशी केली. पंचविशीची एक काटकुळी मुलगी निघाली, भराभर बोलणारी, पेनाचं टोपण चावणारी. त्याच आठवड्यात मी तिला घरी चहाला बोलावलं आणि धाकट्याला दाढी करायला सांगितलं.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं या गोष्टीत येत नाहीत. पण आईवडिलांच्या मागे त्याला मीच वाढवलं, तेव्हा त्याच्यासाठी मुलगी शोधायचा पहिला हक्क माझा होता. दोघांचं जमलं, लग्न झालं, ती डॉक्टर झाली आणि त्याच प्रयोगशाळेत करारावर लागली. आम्ही तिघं दोन खोल्यांत राहतो. तिच्याबद्दल माझी एकच तक्रार होती. चहा प्यायली की कप सिंकमध्ये ठेवून ती साफ विसरून जायची, आणि कपाच्या तळाला चहा वाळून तपकिरी गोल पडायचा. पण माणसात एखादा दोष असावा, नाहीतर सोबत राहणाऱ्याला जड जातं. बाटल्या विसळते ना, मग कप मी धुवेन, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग एकेचाळीस नंबर आला.

एकेचाळीस नंबर हा जंतूंचा एक वाण, भावजयीने तयार केलेला. रंगाच्या कारखान्यांतून जे पाणी बाहेर पडतं, त्यातला रंग हे जंतू खातात. कोणाला आजारी पाडत नाहीत, अगदी गरीब स्वभावाचे. अडचण एवढीच की पाणी वाहिलं की तेही पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून त्यांना वाळूच्या कणाला धरून बसायला शिकवायचं, म्हणजे वाळूच्या थरातून पाणी सोडलं की रंग मागे राहील आणि पाणी स्वच्छ होऊन पुढे जाईल. त्यासाठी जंतूच्या अंगावर वाळूला धरणारं एक प्रोटीन बसवायचं होतं. माझ्या भाषेत सांगायचं तर जंतूला हात द्यायचे होते.

हे हात बसतात कसे, ते तिने मला एका रविवारी भांडी पुसता पुसता सांगितलं होतं, आणि माझ्या चांगलं लक्षात राहिलं, कारण त्यात एक मुकादम आहे. जंतूच्या अंगाभोवती आधी एक पातळ पडदा असतो आणि पडद्याबाहेर जाड भिंत. प्रोटीन बनतं आत. बनलं की त्याला पडद्यातून बाहेर ढकलतात, पण त्याच्या शेपटीचा भाग तेलकट असतो, तो पडद्यातच अडकतो, म्हणून प्रोटीन लगेच सुटून जात नाही. तिथेच पडद्याला टेकून मुकादम बसलेला असतो. त्याचं खरं नाव सॉर्टेज, पण मला मुकादम बरा वाटतो. शेपटीच्या जरा अलीकडे पाच अक्षरांची एक खूण असते. मुकादमाला ती दिसली की तो बरोबर तिथे प्रोटीन कापतो, शेपटी टाकून देतो, आणि कापलेलं टोक भिंतीच्या नव्या विटेला जोडून देतो. वीट भिंतीत गेली की तिच्याबरोबर प्रोटीनही कायमचं जाऊन बसतं.

"आणि खूण नसली तर?" मी विचारलं होतं.

"तर तो बघतही नाही त्याच्याकडे."

असा कडक माणूस मला आवडतो.

आता हे सगळं इतकं बारीक की झालं की नाही ते कळणार कसं, तर त्यासाठी प्रोटीनला एक छोटी झेंडी जोडलेली असते. जंतूंवर चमकणारा रंग टाकायचा. तो रंग फक्त झेंडीलाच धरतो. मायक्रोस्कोपखाली जंतूच्या कडेने हिरवी चमक दिसली की समजायचं, हात बसले. ही झेंडी भावजयीला आयती मिळाली होती. मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुख बाईंनी, फार पूर्वी जनुकाचा एक तुकडा बनवून फ्रीजरमध्ये ठेवला होता, त्याच्या अगदी शेवटी झेंडी होती. भावजयीने झेंडीच्या आधी आपलं प्रोटीन, मुकादमाची खूण आणि शेपटी शिवून टाकली. मॅडमचा तुकडा म्हटल्यावर त्यात डोकं घालून शंका काढायला कोण जातं?

मॅडमना पांढरे आखूड केस आहेत आणि गळ्यात दोन चष्मे असतात. आवाज कधी चढत नाही, त्यामुळे लोक जास्तच घाबरतात. त्यांची शिस्त अशी, की आधी चमक, मग वाळू. चमक दिसल्याशिवाय कोणी वाळूच्या पोत्याला हात लावायचा नाही, उगीच वेळ घालवायचा नाही. ते पोतं पहिल्या दिवशीच येऊन पडलं होतं. वर ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते माझ्या खोलीत आलं, आणि माझं दार वाऱ्याने आपटायचं म्हणून मी ते दाराला लावून ठेवलं. आठ महिने त्याने तेवढंच काम केलं.

चमक काही आली नाही. जंतू फोडून बघितले की आत पुसट काहीतरी दिसायचं, म्हणजे प्रोटीन बनत होतं. पण कडेला, भिंतीवर, जिथे दिसायला हवं तिथे काळोख. भावजय रंग बदलून बघायची, तापमान बदलून बघायची, टोपणं चावून चावून तिने पेनांचा डबा संपवला.

आणि इकडे माझ्याकडे बाटल्या येत होत्या.

पहिल्याच आठवड्यात एकेचाळीसच्या बाटलीत ब्रश घातला आणि हाताला कळलं की काहीतरी बिनसलंय. बाटलीला आतून बुळबुळीत पातळ थर. वाफेत शिजला की तोच थर असा घट्ट बसायचा की घासता घासता खांदे भरून यायचे. मी एकदा सोडून दिलं. दुसऱ्यांदा सोडून दिलं. तिसऱ्यांदा तक्रारवही काढली. ही वही माझ्या दाराजवळ खिळ्याला टांगलेली असते, पानांवर नंबर छापलेले आहेत, आणि मॅडम दर महिन्याला न वाचता तिच्यावर सही करतात. मी लिहिलं: ४१ नंबरच्या बाटल्या विसळून आलेल्या नाहीत. दखल घ्यावी. खाली तारीख घातली. नातं कामाच्या मध्ये आणायचं नाही, हे माझं पहिल्यापासूनचं तत्त्व आहे.

तत्त्व संध्याकाळी घरापर्यंत पोचलं.

"ताई, तुम्ही वहीत लिहिलंत?" भावजयीने विचारलं. "मला तोंडी सांगायचं ना."

"तोंडी सांगून कोणी ऐकलंय का आजवर?"

"पण मी तीनदा विसळते. रोज. मोजून."

"मग थर कुठून येतो? मी आणून लावते का?"

"मला नाही माहीत. मी विसळते एवढं मला माहीत आहे."

"कपही असेच मोजून ठेवतेस वाटतं सिंकमध्ये."

"वन्सं," ती म्हणाली, "कपाचा इथे काय संबंध?"

एरवी ती मला ताई म्हणते. वन्सं हा शब्द तिने तिच्या आईच्या तोंडून ऐकलेला, आणि राग आला की ती तो काढते, लग्नातली जरीची साडी काढावी तसा. मी धाकट्याकडे बघितलं. धाकटा दोघींच्या मध्ये सापडला की बंद पडलेल्या लिफ्टसारखा मधल्याच मजल्यावर थांबतो. त्याने वर्तमानपत्र उघडलं, आणि ते आदल्या दिवशीचं होतं.

आठ महिन्यांत मी चौदा तक्रारी लिहिल्या. मला सर्वांत जास्त कशाने लागलं, तर तिचाच चाळीस नंबर होता, तेच जंतू पण बिनहातांचे, तुलनेसाठी ठेवलेले. त्या बाटल्या लखलखीत यायच्या. बोट फिरवलं की काच कुरकुरायची. म्हणजे बाई चाळीसच्या विसळते आणि एकेचाळीसच्या विसळत नाही. याला काय म्हणायचं? एकेचाळीसच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांनाही काही चिकटलेलं नसायचं, पण त्या दुसरं कोणी धूत असेल असं मी धरून चालले होते. माणसाला एकदा राग धरायचा असला की डोकं फार झटपट चालतं. ज्या मुलीला मी बाटल्यांवरून निवडलं, तीच खोटं बोलते, आणि तेही माझ्या तोंडावर, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. चौदाव्या तक्रारीत माझा हात सुटला. मी लिहिलं: ४१ च्या बाटल्या पुन्हा तशाच. घरीही हीच सवय आहे.

त्याच्या पुढच्या सोमवारी मॅडमनी तिला बोलावलं. एकेचाळीस बंद. शुक्रवारी अकरा वाजता ते जंतू गोठवून ठेवलेल्या सगळ्या कुप्या नष्ट करायच्या, फ्रीजरचा कप्पा मोकळा करायचा. करार महिनाअखेर संपत होता आणि एकेचाळीस नाही म्हटल्यावर तो वाढायचं कारण नव्हतं. हे मला तिने सांगितलं नाही, प्रयोगशाळेतच कानावर आलं. घरी आले तर टेबलावर एक पत्र होतं, कुठल्या तरी लांबच्या गावातल्या कॉलेजचं. शिकवायची नोकरी. धाकटा म्हणत होता की लिफ्टा काय, सगळीकडे असतात, सगळीकडे बिघडतात.

मी म्हटलं, "छान झालं. मोठी जागा मिळेल तुम्हाला." आणि आत जाऊन उगाच कपाट आवरायला लागले. खरं सांगते, दोन खोल्या मला एकटीला फार मोठ्या होतात. सिंकमध्ये एकच कप, तोही माझा, तोही धुतलेला. त्या कपाची मला इतकी भीती वाटली की मी कपाटातल्या सगळ्या चादरी काढून पुन्हा घड्या केल्या.

गुरुवारी दुपारी कुप्यांचा डबा बर्फासकट माझ्या खोलीत आला. नष्ट करणं म्हणजे माझ्या यंत्रात घालून वाफ देणं, तेव्हा ते काम माझंच होतं. डब्यावर भावजयीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ४१, शुक्रवार, ११. अक्षर नीट होतं, चिठ्ठी सरळ चिकटवलेली होती. डब्यामागून ती स्वतः आली, हातात ट्रे घेऊन. ट्रेमध्ये एकेचाळीसच्या शेवटच्या चार बाटल्या, अजून भरलेल्या, आणि चाळीसच्या तशाच तीन.

"वन्सं," ती म्हणाली, "इथे तुमच्यासमोर विसळते. तुम्ही मोजा."

"मला काय करायचंय मोजून?"

"मोजा. मला इथून जाताना खोटारडी म्हणून जायचं नाही."

मी स्टुलावर बसले आणि मोजायला लागले. तिने पहिली बाटली पिंपात ओतली. पाणी भरलं, हलवलं, ओतलं. एक. पुन्हा भरलं, चांगली वर्तुळं करून हलवलं, ओतलं. दोन. तीन. मी स्वतः विसळली असती तर याहून बरी विसळली नसती. शेवटचं पाणी अगदी नितळ होतं. तिने बाटली माझ्यापुढे धरली.

मी हातमोजा घातला आणि बोट आत फिरवलं. बुळबुळीत.

"आहे," मी म्हटलं.

"काय आहे?"

"थर. तोच."

"वन्सं, आता मात्र पुरे," तिचा आवाज फाटला. "तुमच्या डोळ्यांदेखत विसळलीय मी."

"हो ना. म्हणून तर सांगतेय. तू घाल बोट."

तिने रागारागाने मोजा ओढून चढवला, बोट घातलं आणि थांबली. मग चाळीसची बाटली तशीच तीनदा विसळली, बोट घातलं. काच कुरकुरली. पुन्हा एकेचाळीस. पुन्हा चाळीस. असं करत शेवटी दोन्हींची एकेकच भरलेली बाटली उरली. माझ्या डोक्यात मात्र त्या वेळी जंतू नव्हते, वाळू नव्हती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती, की ही पोर आठ महिने खरं बोलत होती आणि मी चौदा वेळा तारीख घालून तिला खोटं पाडलं होतं.

"हे पहिल्यापासून असंच आहे?" तिने विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून."

"प्लॅस्टिकला?"

"प्लॅस्टिकला कधीच नाही."

"तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलं?"

मी तिच्याकडे बघितलं. तीही समजली आणि तिने जीभ चावली. सांगितलं होतं. चौदा वेळा.

ती एकदम खाली बसली, दाराला लावलेल्या पोत्यावर. मग आपण कशावर बसलोय ते तिच्या लक्षात आलं. पोत्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "ताई, काच कशाची करतात?"

"मला काय विचारतेस? मी धुते, करत नाही."

"वाळूची करतात. वाळू वितळवून." ती उठून उभी राहिली. "ते काचेला धरून बसलेत. हात आलेत त्यांना."

एकोणीस वर्षं मी वाळू घासत होते हे मला त्या दिवशी कळलं. पण ते सुचायला मला जरा वेळ लागला, तोवर तिने पोत्याचं तोंड फाडलं होतं. मॅडमची शिस्त एका फटक्यात गेली. ओंजळभर वाळू तिने माझ्या चाळणीत धुतली, दोन नळ्यांत भरली, एकीत एकेचाळीस ओतला, दुसरीत चाळीस, आणि घड्याळ लावलं. तासाभराने दोन्ही नळ्यांतली वाळू साध्या पाण्याने तीनदा विसळली. मी मोजलं. मग आम्ही दोघी वर गेलो आणि तिने मायक्रोस्कोप लावून मला आधी बघायला दिलं. चाळीसची वाळू म्हणजे नुसते ओबडधोबड खडे. एकेचाळीसच्या खड्यांवर बारीक बारीक काड्या दाटीवाटीने बसलेल्या होत्या, जागा मिळेल तिथे, एकमेकींच्या मांडीवर. मी इतके जंतू मारले जन्मात, पण त्यांचं तोंड बघायची ही पहिलीच वेळ.

"पण मग चमक का नाही?" ती स्वतःशीच बोलत होती. "हात आहेत, मग झेंडी कुठे गेली?" तिने कागद ओढला आणि चित्र काढायला लागली. प्रोटीन, मग खूण, मग शेपटी, आणि शेपटीच्या टोकाला झेंडी. "हे बाहेर येतं. शेपटी पडद्यात अडकते. मुकादम येतो, खूण बघतो, कापतो, शेपटी टाकून..."

पेन हवेतच राहिलं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मला काहीच समजलं नव्हतं. तिने मला पुन्हा दोनदा समजावलं तेव्हा डोक्यात शिरलं. झेंडी शेपटीला लावलेली. मुकादम आपलं काम चोख करत होता, आणि प्रत्येक वेळी शेपटीबरोबर झेंडीही कापून टाकत होता. चमक दिसत नव्हती, कारण सगळं बरोबर झालं होतं. काम बिघडलं असतं, तर ती कदाचित दिसली असती.

शुक्रवारी सकाळी डबा माझ्या टेबलावर तसाच होता. दहा वाजता भावजय खाली आली आणि म्हणाली, "ताई, तक्रारवही द्या."

"वही कशाला?"

"त्यात तारखा आहेत. आठ महिन्यांत दुसऱ्या कोणी हे लिहून ठेवलेलं नाही. मॅडमना दाखवायचंय."

मला चौदावी तक्रार आठवली. पान फाडायचा विचार मनात आला, खोटं कशाला सांगू. पण पानांवर नंबर छापलेले. मी वही घेतली, डबा घेतला आणि तिच्या मागे जिना चढले. कुप्या वाफेत घालायच्या की फ्रीजरमध्ये, हे वरच ठरणार होतं.

मॅडमनी आधी वाळू बघितली. एक चष्मा काढून दुसरा घातला आणि पुन्हा बघितली.

"चमक नसताना वाळू?" त्या म्हणाल्या.

"हो मॅडम," भावजय म्हणाली आणि चित्राचा कागद पुढे सरकवला.

मॅडम कागदाकडे बघत राहिल्या. झेंडीवर बोट ठेवलं. "ही माझी."

"हो. शेपटी मी तिच्या आधी जोडली. बघायला हवं होतं मी."

"मी आठ महिने हे चित्र दर आठवड्याला बघतेय," मॅडम म्हणाल्या. "मीही बघायला हवं होतं." हे त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की मला त्या पहिल्यांदाच आवडल्या. मग त्यांनी वही मागितली. एकोणीस वर्षं जिच्यावर नुसती सही केली, ती वही त्यांनी उघडली आणि वाचायला लागल्या, मोठ्याने, एकेक तारीख, एकेक तक्रार. बाटल्या विसळून आलेल्या नाहीत. सांगूनही फरक नाही. चाळीसच्या स्वच्छ, एकेचाळीसच्या नाहीत. प्लॅस्टिकला नाही, काचेलाच आहे. प्रत्येक तक्रारीला त्या भावजयीकडे बघून मान हलवत होत्या, आणि मी जमिनीत शिरायला जागा शोधत होते. चौदावी आली.

"घरीही हीच सवय आहे," मॅडमनी वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "याचा अर्थ?"

आठ महिने ज्या जिभेला विसावा नव्हता, तिने ऐन वेळी रजा घेतली.

"कप, मॅडम," भावजय म्हणाली. "मी घरी कप विसळत नाही. ते खरं आहे."

मॅडमनी वही मिटली. डबा फ्रीजरमध्ये परत ठेवायला सांगितला. झेंडी प्रोटीनच्या पुढच्या टोकाला लावा, म्हणाल्या, म्हणजे मुकादमाला हात लावता येणार नाही. हा मुकादम त्यांनाही माझ्याकडूनच लागला. त्याला सहा महिने लागतील, तेव्हा करार सहा महिन्यांनी वाढेल. आणि वही टाकून देऊ नका, तिची प्रत जोडायची आहे. मी तो डबा स्वतः फ्रीजरपर्यंत नेला आणि कप्प्यात सरळ ठेवला.

खाली आल्यावर मी वही खिळ्याला लावायच्या आधी उघडली. माफी मागायची मला सवय नाही. लहानपणापासून नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे. तोंडी तर मला ते जमलंच नसतं. मी पंधरावी तक्रार लिहिली: ४१ नंबरच्या सर्व बाटल्या आठ महिने व्यवस्थित विसळलेल्या होत्या. आधीच्या चौदाही तक्रारी ही धुणाऱ्या बाईची चूक. त्यांची दखल घेऊ नये. खाली तारीख घातली, सही केली आणि वही टांगून कामाला लागले.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा टेबलावरचं पत्र नव्हतं. धाकटा खिडकीत उभा राहून शीळ घालत होता. सिंकमध्ये भावजयीचा कप, तळाला तपकिरी गोल. मी बाह्या वर केल्या. धुवायला घेतला तर कपाच्या कानाला एक चिठ्ठी चिकटवलेली, प्रयोगशाळेतल्यासारखी, सरळ, नीट अक्षरात: पंधरावी वाचली. हा मात्र मी खरंच विसळलेला नाही.

मी कप धुतला. चिठ्ठीचा डिंक तेवढा तसाच राहू दिला.